गज खोटा की ताका खोटा? जुना डिजिटल मीटर घेताना आणि दुरुस्त करताना

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सोलापूर येथील यंत्रमागाच्या कारखान्यांत, मोटर वाइंडिंगवाल्यांच्या गाळ्यांत, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे आणि ऑटो इलेक्ट्रिशियनच्या पेटीत एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे डिजिटल मल्टिमीटर. कारागीर त्याला नुसता 'मीटर' म्हणतात. पुष्कळदा हा मीटर नवा नसतो. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा गावातला भंगारवाला अशा वाटेने तो आलेला असतो. घेताना भाव चांगला वाटतो, पण घरी आल्यावर आकडे उड्या मारतात, नाहीतर काहीच दिसत नाही. मग तो खणात पडून राहतो. त्याहून वाईट म्हणजे तसाच वापरला जातो.

आम्ही कापडाचे व्यापारी. मापाची किंमत आम्हाला चांगली ठाऊक. दुकानातल्या मीटरपट्टीची वैध मापन खात्याकडून तपासणी होते आणि तिच्यावर शिक्का बसतो. कारखान्यातल्या मल्टिमीटरवर मात्र कोणी शिक्का मारीत नाही. आखूड पट्टीने गिऱ्हाईकाचे चार बोटे कापड जाते, पण चालू तारेवर शून्य दाखवणाऱ्या मीटरने माणूस जातो. म्हणून जुन्या मीटरची पारख कशी करावी, कोणता दोष घरी निघतो आणि कोणता मीटर सरळ भंगारात द्यावा, हे प्रत्येक कारखानदाराने व कारागिराने समजून घेणे जरुरीचे आहे.

मीटरच्या पोटात काय असते

व्होल्ट, अँपिअर आणि ओम ही तिन्ही मापे एकाच पेटीत घेणारा 'अ‍ॅव्हो' मीटर इंग्लंडमध्ये १९२३ साली बाजारात आला. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांची ती कल्पना. पुढे अनेक वर्षे काट्याचेच मीटर चालले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटरसिल या अमेरिकन कंपनीची '७१०६' नावाची चिप आली आणि आकडे दाखवणारा मीटर स्वस्त झाला. आज दोन-तीनशे रुपयांत मिळणारा पिवळा 'डीटी-८३०' जातीचा मीटर हा त्याच चिपचा वारस होय. आपल्या नाशिकमध्ये मोटवाने व ऋषभ या कंपन्या मीटर बनवतात. त्यांचे आणि परदेशी बनावटीचे भारी मीटरही जुन्या बाजारात येतात.

चिपचे काम तराजूसारखे आहे. एका पारड्यात मोजायचा दाब आणि दुसऱ्यात चिपच्या स्वतःच्या मापाचा दाब, म्हणजे बाट. डीटी-८३० जातीच्या मीटरमध्ये हा बाट १०० मिलीव्होल्टचा असतो. चिप स्वतः सुमारे २.८ व्होल्टचा स्थिर दाब तयार करते आणि त्यातून एका छोट्या प्रीसेटच्या साहाय्याने हे १०० मिलीव्होल्ट घेतले जातात. मोजायचा दाब मोठा असेल तर रेझिस्टरच्या साखळीने तो वाटून २०० मिलीव्होल्टच्या आत आणला जातो. गोल खटका फिरवला की साखळीतली कडी बदलते, यालाच आपण रेंज म्हणतो.

एवढे समजले की दोष शोधण्याची अर्धी कामगिरी झाली. दुकानात सगळेच ताके आखूड भरू लागले तर दोष गजाचा. एकच ताका आखूड भरला तर दोष ताक्याचा. मीटरचेही असेच आहे. सर्व रेंजवर सारख्या प्रमाणात चूक असेल तर बाट बिघडला. एकाच रेंजवर चूक असेल तर त्या रेंजची कडी जळाली. चूक कधी येत असेल, कधी जात असेल तर कुठेतरी जोड ढिला आहे.

खरेदी करताना पाच मिनिटांची पारख

जुना मीटर घ्यायला जाताना खिशात तीन वस्तू ठेवाव्यात: ९ व्होल्टची नवी बॅटरी, दीड व्होल्टचा नवा पेन्सिल सेल आणि १००० ओमचा एक टक्क्यातला रेझिस्टर. तिन्ही मिळून चहा-नाश्त्याच्या खर्चात येतात.

प्रथम आपली बॅटरी लावावी. विकणाऱ्याच्या मेलेल्या बॅटरीवर कोणताही निर्णय घेऊ नये. मग खटका ओमच्या २००० रेंजवर ठेवून दोन्ही तारा मोकळ्या सोडाव्यात. डावीकडे फक्त '१' दिसतो. नवखे लोक याला बिघाड समजतात, पण 'माप रेंजच्या बाहेर आहे' एवढाच त्याचा अर्थ. तारा एकमेकींना टेकवल्या की शून्य यायला हवे. रेझिस्टर लावला की ९९० ते १०१० च्या जवळपास आकडा यावा. नंतर डीसीच्या २० व्होल्ट रेंजवर पेन्सिल सेल मोजावा. चांगला नवा सेल १.५ ते १.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. सेल उलटा धरला की आकडा तोच राहून पुढे वजाची खूण आली पाहिजे.

आकड्यांचे सर्व दांडे पेटतात की नाही हे पाहायची सोपी रीत अशी. ओमच्या सर्वांत मोठ्या रेंजवर दोन्ही टोके दोन हातांच्या बोटांनी धरावीत आणि दाब कमी-जास्त करावा. आकडे सारखे बदलत राहतात आणि कोणता दांडा गायब आहे ते लगेच दिसते. जेथे '८' चा '६' किंवा '३' दिसतो, तेथे २०८ व्होल्टचे २०३ वाचले जातील.

शेवटी १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये डोकावावे, वास घ्यावा. काळा डाग किंवा जळका वास असेल तर कोणीतरी त्या सॉकेटमध्ये तार ठेवून घरातली लाइन मोजलेली आहे असे समजावे. या सॉकेटच्या मागे फक्त एक जाड तारेचा तुकडा असतो, त्याचा रोध एका ओमच्या शंभराव्या भागाएवढा. लाइनवर तो लावणे म्हणजे दोन फेज हाताने जोडण्यासारखे आहे. स्वस्त मीटरमध्ये येथे फ्यूजही नसतो. असा मीटर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

उघडण्यापूर्वी

मीटरच्या तारा सर्व ठिकाणांहून काढल्याशिवाय मागचे झाकण उघडू नये. झाकण उघडे असताना मीटरने २३० किंवा ४१५ व्होल्टची लाइन कधीही मोजू नये. सर्व तपासणी सेल आणि रेझिस्टरवर करावी. डीटी-८३० जातीचा खटका काढताना त्याखालच्या दोन छोट्या पोलादी गोळ्या आणि स्प्रिंगा उडून जातात, म्हणून काम ताटात किंवा पांढऱ्या कापडावर करावे. खटक्याच्या पोटातल्या पितळी पत्त्या मोजून ठेवाव्यात व त्यांची दिशा कागदावर काढून घ्यावी.

दोष पहिला: आकडा येतो आणि जातो

शंभरातले बहुतेक 'बिघडलेले' मीटर येथेच सापडतात. ओमच्या २०० रेंजवर दोन्ही तारा टेकवून धराव्यात. एक ओमच्या आत स्थिर आकडा आला पाहिजे. आता प्रत्येक तार मुठीजवळ आणि पिनजवळ वाकवून पाहावी. आकडा उडाला तर तांब्याची तार प्लास्टिकच्या आत तुटलेली आहे. अशा तारेला टेप गुंडाळू नये, जोडी नवीच घ्यावी.

तारा चांगल्या असूनही आकडा उडत असेल तर सॉकेटचे डाग पाहावेत. रोज पिन घालून-काढून सॉकेटच्या मुळाशी डाग गोलाकार तडकतो. साध्या नजरेला तो केसासारखा दिसतो. २५ वॉटच्या सोल्डरिंग इस्त्रीने नवा डाग दिला की काम झाले.

तिसरे ठिकाण गोल खटका. यंत्रमागाच्या कारखान्यात रुईचे बारीक कण आणि खळीची पूड हवेत असते. ती खटक्यात शिरते आणि दमट दिवसांत पट्ट्यांच्या मधून वीज झिरपू लागते. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात. थिनर किंवा पेट्रोल वापरल्यास प्लास्टिक विरघळते. मशीनचे तेल तर अजिबात सोडू नये, कारण दोन महिन्यांत त्याच तेलावर रुई चिकटून काळा चिखल होतो.

दोष दुसरा: काहीच दिसत नाही किंवा आकडे अर्धवट दिसतात

बॅटरी नवी असून पडदा कोरा असेल तर बॅटरीची टोपी पाहावी. बटणाजवळ तार तुटलेली असते किंवा जुनी बॅटरी गळून खार चढलेला असतो. अल्कलाइन बॅटरीचा पांढरा-निळसर खार सिरक्याच्या बोळ्याने पुसावा, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. पट्टी खाऊन गेली असेल तर वरून बारीक तार डागावी.

अर्धवट आकड्यांचे कारण बहुधा काच नसून तिच्याखालची रबराची पट्टी असते. काळ्या-पांढऱ्या बारीक थरांमुळे तिला झेब्रा पट्टी म्हणतात. बोर्डावरची वीज ती काचेपर्यंत नेते. मीटर खाली पडला की ती सरकते किंवा तिच्यावर धूळ बसते. बोर्डाचे स्क्रू काढून पट्टी चिमट्याने उचलावी, अल्कोहोलने हलकेच पुसावी आणि बोर्डाच्या पट्ट्या व काचेची कडही पुसावी. बोटाचा घाम लागू देऊ नये. परत बसवताना स्क्रू सगळीकडे सारखे आवळावेत. काचेत शाईसारखा काळा डाग पसरला असेल तर मात्र ती काच फुटलेली आहे. स्वस्त मीटरमध्ये तिचा नाद सोडावा.

दोष तिसरा: एकच काम बंद

करंट मोजला जात नाही, बाकी सर्व ठीक आहे, याचा अर्थ फ्यूज गेला. ज्या मीटरला मिलीअँपिअरचे सॉकेट वेगळे असते त्यात फ्यूज न उघडता तपासता येतो. खटका ओमवर ठेवून लाल तार ओमच्या सॉकेटमधून काढल्याशिवाय तिचे दुसरे टोक मिलीअँपिअरच्या सॉकेटमध्ये लावावे. आकडा आला तर फ्यूज शाबूत, डावीकडे '१' आला तर उडालेला. फ्यूज मीटरवर छापलेल्या मापाचाच घालावा. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज असतो. मोठा झटका आला की वाळू आतली ठिणगी विझवते. त्या जागी काचेचा स्वस्त फ्यूज घालणे चुकीचे, आणि तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे हातात सुतळी बाँब धरणे होय.

एसी शून्य आणि डीसी बरोबर असेल तर एसीला सरळ करणारा डायोड तपासावा. डीटी-८३० जातीत हा एकच साधा डायोड असतो, तो लॅमिंग्टन रोडला किरकोळीत मिळतो.

ओमच्या लहान रेंज खोट्या आणि व्होल्ट बरोबर असतील तर कोणीतरी ओमवर ठेवून चालू लाइन मोजली आहे. त्या झटक्यात लहान मापाचे रेझिस्टर जळतात. काळा पडलेला किंवा फुगलेला रेझिस्टर दिसला तर त्याच मापाचा, एक टक्क्यातला किंवा त्याहून अचूक घालावा. साधा पाच टक्क्यांचा घातल्यास मीटर चालेल, पण माप खोटे राहील. बोर्डावरची तांब्याची वाटच जळाली असेल तर दुरुस्ती करू नये.

दोष चौथा: सगळीकडे सारखीच चूक

येथे पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. बॅटरी सुमारे ७ व्होल्टच्या खाली गेली की चिपचा बाट हलका होऊ लागतो. बाट हलका झाला की माल जड भरतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. बॅटरी उतरलेला मीटर आकडा फुगवून दाखवतो. कारखान्यात दाब २०० वर आलेला असतो, मोटरी तापत असतात आणि मीटर मात्र २२५ दाखवून मालकाला निश्चिंत ठेवतो. अनेक स्वस्त मीटर बॅटरी उतरल्याची खूणही दाखवत नाहीत.

नव्या बॅटरीनंतरही चूक राहिली तरच प्रीसेटला हात लावावा. आधी त्याची जागा शाईने खूण करून ठेवावी. मग खात्रीचा दुसरा मीटर आणि आपला मीटर एकाच सेलवर एकाच वेळी लावावेत आणि बारीक पेचकसाने आकडा जुळेपर्यंत केसभर फिरवावे. त्यानंतर रेझिस्टर व ९ व्होल्टची बॅटरी मोजून ताळा घ्यावा. चूक एकाच रेंजवर असताना प्रीसेट फिरवणे म्हणजे एका आखूड ताक्यासाठी गज कापण्यासारखे आहे. त्याने चांगल्या रेंजही बिघडतात.

जो दोष नाही तो दोष समजू नये

स्वस्त मीटरच्या एसी मापाची हमी साधारणपणे १.२ टक्के अधिक दहा आकडे इतकी असते. ७५० च्या रेंजवर एक आकडा म्हणजे एक व्होल्ट. म्हणजे २३० व्होल्टवर पावणेतीन आणि दहा मिळून सुमारे १३ व्होल्टचा फरक हा बिघाड नव्हे, ती त्या मीटरची कुवत आहे. दुसरे असे की चांगल्या मीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओम असतो. असा मीटर चालू तारेच्या शेजारून जाणाऱ्या बंद तारेवरही चाळीस-पन्नास व्होल्ट दाखवतो. त्या तारेवर टेस्ट लॅम्प लावून पाहावा. दिवा न लागता आकडा पडला तर तो पोकळ दाब होता. या कारणावरून चांगले मीटर भंगारात गेलेले आम्ही पाहिले आहेत.

तीन वेळा मोजण्याचा नियम

आमच्या भागातील एका कारखान्यात मागाच्या स्टार्टरचे काम निघाले. वायरमनने फ्यूज काढला असे समजून तीन फेज मोजल्या. तिन्हीवर शून्य आले. हा वायरमन जुन्या वळणाचा होता. त्याने हात घालण्यापूर्वी तोच मीटर शेजारच्या चालू सॉकेटवर लावला. तेथेही शून्य आले. काळी तार मुठीत तुटलेली होती आणि स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्ट तसेच उभे होते. फ्यूज दुसऱ्याच लाइनचा निघाला होता.

हा नियम प्रत्येक शेडमध्ये भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी मोजावे, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू जागी. पहिले आणि तिसरे माप बरोबर आले तरच मधले शून्य खरे मानावे. नवा मीटर असो की जुना, नियम बदलत नाही.

याच कारणाने दुरुस्त केलेला मीटर कुठे वापरायचा हेही ठरवले पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मीटरचे वर्ग असतात. घरातल्या सॉकेटवरच्या उपकरणांसाठी कॅट-२, पॅनेल, पक्की वायरिंग व थ्री-फेज मोटरसाठी कॅट-३, आणि विजेच्या कंपनीच्या सर्व्हिस लाइनसाठी कॅट-४. पिवळ्या स्वस्त मीटरवर काहीही छापलेले असले तरी आत काचेचा फ्यूज, १० अँपिअरला फ्यूजच नाही आणि पातळ तारा असतील तर तो पॅनेलवर नेऊ नये. सेल, रेझिस्टर, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि बंद मोटरचे वाइंडिंग एवढ्या कामाला तो खुशाल वापरावा. पॅनेलसाठी कॅट-३ चा एक चांगला मीटर घ्यावा.

हिशेब

बॅटरी, तारांची जोडी, फ्यूज, डाग आणि साफसफाई एवढ्यात निघणारा दोष जरूर काढावा. स्वस्त मीटरमध्ये याहून पुढे जाण्यात कारागिराचा दिवस मोडतो. त्या दिवसाच्या मजुरीत नवा मीटर येतो. चांगल्या बनावटीच्या मीटरवर मात्र नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत खर्च करायला हरकत नाही. काळ्या डांबराच्या ठिपक्याखालची चिप गेली, बोर्ड जळाला किंवा आवरणाला तडा गेला, तर मीटर सुट्या भागांसाठी ठेवावा आणि त्याच्या तारा कापून टाकाव्यात. तारा कापल्या नाहीत तर कोणीतरी तो उचलून वापरतोच.

दुरुस्त करून विकायचा असेल तर मागे चिठ्ठी चिकटवावी: काय बदलले, कोणती रेंज चालत नाही आणि कशावर वापरू नये. मापाची वस्तू घेणारा आपल्या शब्दावर जीव ठेवून ती घेत असतो. ऐब सांगून विकलेल्या मीटरला पन्नास रुपये कमी मिळतील, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याला घेऊन येते.

आणि ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांनी महिन्यातून एक दिवस ठरवावा. नवा सेल, एक रेझिस्टर, तारा वाकवून पाहणे आणि बॅटरीची तारीख, एवढी तपासणी पाच मिनिटांत होते. दुकानाच्या मीटरपट्टीला सरकारी शिक्का असतो. कारखान्याच्या मीटरवर तो शिक्का मालकाने स्वतःच मारायचा असतो.